मिरचीच्या आधी भाजीत काय होतं, आत्या?

आत्या, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट माझ्या मोबाईलमध्ये आहे. दहावीच्या पेपरचं प्रवेशपत्रही त्याच मोबाईलमध्ये आहे. पेपर शनिवारी, आणि सौंसरला तू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही शनिवारीच. तिरुपूरहून तिकडे पोचायचं तर आज निघायला पाहिजे, आणि आज निघाले की पेपर गेला. सकाळपासून मी एकदा हे उघडून पाहते, एकदा ते. चेकिंगच्या टेबलावर भोक असलेला टी-शर्ट माझ्या हाताखालून तसाच पुढे गेला. सुपरवायझर बाई तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. एवढं समजायला तमिळ यावं लागत नाही.

आता जेवणाची सुट्टी आहे. डबा उघडला नाही. तुझ्याशी लिहूनच बोलून घेते.

तुझ्या राजूनं, आपल्या दादानं, फोनवर सांगितलं, "माय चुलीपाशी बसली होती. चहा ठेवला होता. अन् तशीच भितीले टेकली." मी विचारलं, "चहा उतू गेला का?" दादा म्हणाला, "असं काऊन विचारून राहिली व तू?" तूसुद्धा हेच विचारलं असतंस. कुठेही काही मोठं घडलं, की तुला त्याच्या बाजूची बारकी गोष्ट पाहिजे असायची. मी म्हटलं, अमुक राजानं तमुक राजाला लढाईत हरवलं, तर तू म्हणणार, "अन् दुसऱ्या दिवशी ते रान कोनं साफ केलं?"

आपलं हे सुरू कसं झालं ते तुला आठवते का? मी सातवीत होते. आईसोबत रविवारी कापूस वेचणीला यायची. कमरेला ओटी बांधलेली, हात बोंडात, आणि तोंडात दुसऱ्या दिवशीचा धडा. आपली शाळा हिंदी, म्हणून किताब हिंदीत, आणि माझं पुटपुटणंही हिंदीत. "मिस्र के लोग नील नदी के किनारे रहते थे. नदी में हर साल बाढ़ आती थी." बाजूच्या ओळीतून तुझा आवाज आला, "काठावर राहत तं पूर आल्यावर कुठी जात?"

मी म्हटलं, किताबात नाही.

"मास्तरले विचार."

मी विचारलं नाही, माझी हिंमत नव्हती. दुसऱ्या रविवारी तू पुन्हा विचारलंस, "गेले का ते वर?" जसे काही नाईलवाले आपल्या बोरगावच्या पलीकडेच राहत होते आणि तुला त्यांची बातमी पाहिजे होती. मग मी विचारलंच. सर म्हणाले, उंचवट्यावर घरं बांधत असतील. मी तुला सांगितलं. तू बोंड ओटीत टाकलंस आणि म्हणालीस, "हं. अन् गाई?"

तिथून ओळ सुरू झाली की एक सवाल आणि ओळ संपायच्या आत त्याचा जवाब, असं आपलं ठरून गेलं. जवाब नाही सापडला तर सवाल घरी घेऊन जायचा. तू घरी घेऊन गेलेले सवाल कधी परत आणले नाहीस. माझेच वाढत गेले. चीनची भिंत बांधणाऱ्यांना प्यायचं पाणी कोण नेऊन देत होतं? मंगोल घोड्यावरून इतक्या दूर गेले, मग त्यांच्या बायांना कसं कळत होतं की कोण जिवंत आहे? रोमचे धोबी लघवीनं कपडे धूत होते, हे मी तुला सांगितलं तेव्हा तू ओळीतच खाली बसलीस. हसता हसता तुझ्या ओटीतला कापूस मातीत सांडला. बाकीच्या बाया ओरडल्या, "वच्छला, काय झालं व?" तू म्हणालीस, "रोमची महारानी परफ्यूम काऊन लावे ते आज समजलं."

तुझे जवाब बहुतेक चुकीचेच असत. पिरॅमिडचे दगड हत्तींनी वाहून नेले असं तू ठामपणे सांगायचीस. हत्ती तिथं नव्हते, असं मी म्हटलं तर, "तू गेलती का पाहाले?" मग तू नवीन काही सांगायचीस, तेही चुकीचं. पण चुकलं म्हणून तुला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. मला मात्र चुकायची इतकी भीती वाटते, आत्या, की अजूनही टेबलावर एक टी-शर्ट मी दोनदा पलटते. आज सोडून.

पहिल्या वेचणीच्या दिवशी मालकीण कापसाच्या झाडाखाली दहीभात ठेवून पूजा करायची ते आठवलं. आपण बौद्ध, म्हणून बाजूला उभ्या राहायचो. तू मोठ्यानं म्हणायचीस, "आमी पूजेले नाही, दहीभाताले हाओ." मालकीणसुद्धा हसायची. वाढता वाढता तुझा सवाल तयारच असायचा. "बाई, हे दही देनं पयल्यांदा कोनं सुरू केलं? कापसाले दही आवडते हे त्याले कोनं सांगितलं?" ती म्हणायची, खाय ना व गुपचूप.

*

सस्मिता आत्ता येऊन माझा डबा उघडून गेली. ही ओडिशाची आहे, आम्ही एका रूमवर राहतो. "खाओ दीदी. भूखे पेट फैसला गलत होता है." मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, "मैं ही बोल रही हूँ." ती तुला आवडली असती. परवा मी रडत होते तेव्हा तिनं तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही, फक्त विचारलं, "तुम्हारी आत्या मिर्ची वाली बात मानी कि नहीं?"

नाही मानली. तोच तर आपला शेवटचा झगडा.

त्या दिवशी तू फोनवर विचारलंस, "काय वाचून राहिली?"

"धडा. युरोपातले लोक जहाजं घेऊन निघाले, तो."

"काऊन निघाले? घरी खायले नव्हतं?"

"मसाल्यासाठी. मिऱ्यांसाठी."

"मिऱ्यासाठी घरदार सोडून समुद्रात? पागल झालते का?"

"अन् ते तिकडून मिरची घेऊन आले, आत्या. मिरची अमेरिकेकडची आहे. आपल्याकडे नव्हतीच."

मला वाटलं रेंज गेली.

"आपल्याकडं म्हंजे कुठी?"

"भारतात."

"सौंसरात?"

"सौंसर भारतातच आहे ना व."

"मंग बुद्धाच्या वक्ताले?"

"नव्हती."

"अशोकाच्या?"

"नव्हती."

"म्हंजे भिक्खू दारात येत, तं बाया त्याईच्या पात्रात बिनतिखटाची भाजी टाकत?"

"मिरे असतील. आलं, मोहरी, पिंपळी."

"त्यानं नाकातून पानी येते का?"

"थोडं येत असेल."

"मंग ते तिखट नाही. माह्या मायनं ठेचा केला, तिच्या मायनं केला. तू मले शिकोते? मिरची आपली हाय. लिहून घे. ठेव फोन."

आणि खरंच फोन ठेवलास.

मी हसत होते. सस्मितालाही सांगितलं, तीही हसली. रविवारी सुट्टीच्या दिवशी पुन्हा फोन करायचं ठरवलं होतं. तोवर पक्का जवाब शोधते, म्हटलं. आणि शोधता शोधता मला दुसरंच सापडलं, आत्या. तेच तर सांगायचं राहून गेलं.

तुला आठवते, मोहेंजोदडोला कापसाच्या कपड्याचा तुकडा सापडला असं मी सांगितलं होतं, तेव्हा तू सगळ्या बायांना ओरडून सांगितलंस, "ऐका व, जगातला पयला कापूस आपला!" दिवसभर राणीसारखी वेचत होतीस. ते खरंच आहे. आपला जुना देशी कापूस इथलाच. पण आजकाल शेतात जो लावतात, ज्याचं बोंड मोठं अन् धागा लांब, आपण दोघींनी जो जन्मभर वेचला, तो बहुतेक सगळा मिरचीच्याच देशातून आलेला आहे. मेक्सिको. दोन्ही तिकडचे. तुझ्या ओटीतला कापूस तिकडचा, आणि दुपारी तू फडक्यातून सोडायचीस त्या ठेच्यातली मिरची तिकडची. ठेच्यातला भुईमूगही अमेरिकेकडचाच निघाला. राहिला तो लसूण आणि मीठ.

हे तुला सांगितल्यावर तू काय म्हणाली असतीस, ते मी चार दिवस लावून पाहते आहे. कधी वाटते, चिडली असतीस. कधी वाटते, म्हणाली असतीस, "मंग तिकडं बी एखादी बाई असन. ओटीत कापूस, फडक्यात ठेचा." आणि मग सवाल, "ते ओटी कशाची बांधे?" मला माहीत नाही, आत्या. हा सवाल तू विचारलेला नाहीस, तरी माझ्याकडे राहिला आहे.

*

राजूदादाचा सकाळी फोन आला होता. मी भीत भीत म्हटलं, दादा, शनिवारी माझा पेपर आहे. तो म्हणाला, "पेपर काय, पुढच्या साली बी होते. माय काय पुन्हा मरन का?"

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. तो एकटा सगळं पाहून राहिला. मांडव, भंतेजी, जेवण, पाहुणे. त्यानं मला सख्ख्या बहिणीपेक्षा कमी कधी केलं नाही. आठवीनंतर मी शाळा सोडली, मग पोरींच्या घोळक्यासोबत इकडे आले, तेव्हा नागपूरपर्यंत सोडायला तोच आला होता. गाडी हलल्यावर खिडकीतून त्यानं बिस्किटाचा पुडा आत फेकला, तो दुसऱ्याच बाईच्या मांडीवर पडला. त्याचं सकाळचं वाक्य माझ्या कानातून जात नाही. तू मला जायला सांगशील की नको म्हणशील, हेही मला कळत नाही. कारण तू या परीक्षेचीसुद्धा थट्टाच केली होतीस.

मी म्हटलं, आत्या, ओपन बोर्डातून दहावी करून राहिली. तू म्हणालीस, "कायले?" मी म्हटलं, इथं सुपरवायझर व्हायला दहावी लागते. आणि मनातून पूर्ण करायची आहे. तू किताब कशी असते ते विचारलंस. मी सांगितलं, धड्याच्या शेवटी सवाल असतात आणि त्यांचे जवाब धड्यातच असतात. तू म्हणालीस, "जवाब आधीच छापून ठेवले? मंग मजा काय?" पण दर फोनला, तब्येतीच्याही आधी, तू धडाच विचारायचीस. फ्रान्सच्या राजाचं डोकं उडवलं त्या दिवशी त्याच्या स्वयंपाक्याला कळलं होतं का, की दोन ताटं लावून बसला होता? हा सवाल तू मला कारखान्याचा भोंगा व्हायच्या जरा आधी विचारलास. दिवसभर मी त्याचं जेवण थंड होताना पाहत होते.

इथं यायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, हे सगळं संपलं. तुझी बाजूची ओळ नाही, पुटपुटायला धडा नाही. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. भाषा कळेना, रोजचा भात पचेना. तुला फोन केला तर तू विचारलंस, "तू शिवते ते कपडे कोन घालते?" मी म्हटलं, मी शिवत नाही, तपासते. विदेशात जातात. "अन् ते जुने झाल्यावर कोन उचलते?" मी दुसऱ्या दिवशी टेबलावर आले आणि प्रत्येक टी-शर्टाच्या मागे एक माणूस, त्याच्यामागे दुसरा, असं पाहत बसले. तेव्हापासून दिवस सरतो. तू हे मुद्दाम केलंस की सहज, तेही विचारायचं राहिलं.

एक गोष्ट मी तुला सांगितली याचं मला अजून वाईट वाटते, आणि चांगलंही वाटते. इजिप्तच्या एका राजपुत्राच्या मांजरीची दगडी शवपेटी सापडली, तिच्यावर मांजरीचं नाव कोरलेलं आहे, हे मी मोबाईलवर वाचलं होतं. तुला सांगितलं. तू म्हणालीस, "मांजरीचं? काय नाव?"

"तामिउ."

तू ते दोनदा म्हणून पाहिलंस. मग म्हणालीस, "मले माह्या आजीच्या मायचं नाव माहीत नाही."

मी म्हटलं, दादाला विचारू, मोठ्या काकांना विचारू.

"विचारलं मी. सगळे म्हंतेत, बुढी. तिले बुढीच म्हनत." आणि मग लगेच तुझा आवाज नेहमीसारखा झाला. "जिल्हा बी बदलला व आता. आपला आता पांढुर्णा. माह्या मायचा छिंदवाडा, माहा पांढुर्णा, अन् मी तं जागची हलली नाही. इतिहासात मले कोन्या धड्यात टाकतीन?"

मी हसले होते. आता तसं हसू येत नाही.

*

सुट्टी संपायला आली. सस्मिता हात धुऊन आली आणि बाजूला बसून राहिली.

आत्या, मला एक दुपार आठवून राहिली. आठवीतली सहामाही. इतिहासाचा पेपर दुपारच्या पाळीत होता आणि आईला ताप होता, म्हणून सकाळी तिच्या जागी मी वेचायला आले होते. वाटलं होतं, लवकर होईल. झालं नाही. ओळ अर्धी झाली होती आणि ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. अर्धी ओळ सोडून जायची पद्धत आपल्यात नव्हती. सोडली तर बोंडं उघडी राहतात, कोण कुठपर्यंत आली होती ते दुसऱ्या दिवशी कळत नाही, मालकीण बोलते. पण लेकरू रडलं, कोणाला भोवळ आली, तर दोन्ही बाजूच्या बाया तिची ओळ वाटून घेत, शेवटापर्यंत नेत, आणि तो कापूस तिच्याच गाठोड्यात टाकत. कोणी बोलून दाखवत नसे. मला ना लेकरू होतं ना भोवळ. मला लाज वाटत होती.

तू बाजूनं विचारलंस, "आज पेपर होता ना?"

"हो."

"मंग इथं काय झाडाले मार्क देऊन राहिली? पय. ओळ मी घेतो."

मी ओटी सोडून पळाले. बस पकडली. हातांवर बोंडाच्या टोकांचे ओरखडे होते, ते घेऊनच लिहिलं. हडप्पाच्या नाल्यांवर प्रश्न आला होता. सगळं लिहून झाल्यावर मी शेवटी लिहिलं, "पर नालियाँ साफ कौन करता था?" सरांनी त्याखाली लाल रेघ मारली. मार्क कापले की दिले, कळलं नाही. तुला दाखवलं तर तू त्या रेघेवरच खूश. "वाचलं तं खरं त्यानं."

संध्याकाळी माझं गाठोडं भरलेलं होतं. तुझं नेहमीपेक्षा लहान होतं.

नववीच्या वेळी तू बोरगावला कंपनीत कामाला जात होतीस, शेतात नव्हतीस. मी म्हटलं, दिवाळीनंतर शाळेत जाईन. मग संक्रांतीनंतर. मग कोणी विचारणारच उरलं नाही. ती ओळ तशीच राहिली, इतकी वर्षं, बोंडं उघडी.

*

हे खालचं मी भोंगा झाल्यावर, मशीनच्या मागे उभी राहून लिहिते आहे. बाई पाहत आहेत. पाहू दे.

दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, मी नाही येऊन राहिली."

मागून पातेल्यांचा आवाज येत होता.

"मंग मायसाठी कोन बोलन? सगळे उभे राहतीन अन् म्हंतीन, वच्छलाबाई चांगल्या होत्या."

"तिनं सांगून ठेवलं आहे ना, कोणी मला चांगली म्हटलं तर उठून बसन म्हणून?"

तो हसला. रडल्यासारखा हसला.

मी म्हटलं, "मी तिच्यासाठी लिहून राहिली. पाठवते. ते तू वाच. तेवढी माझी जागा तू घे, दादा."

"मिरचीचं बी लिहिलं?"

"हो."

"ते बी वाचू? भंतेजीपुढं?"

"वाच."

"मले बी तिनं फोन करून सांगितलं होतं, रातच्याले कामावर होतो तं. म्हने, पोरगी शिकली अन् मिरची अमेरिकेले देऊन आली." मागचा पातेल्यांचा आवाज थांबला. "पन मंग, मिरची नव्हती तवा भाजीत काय टाकत होते व?"

आत्या, तुझ्या पोरानं आजपर्यंत मला कधी सवाल विचारला नव्हता.

मी तिकीट रद्द केलं. पहिल्यांदा चुकीचं बटण दाबलं गेलं. दादाला म्हटलं, पेपर झाला की सांगते, सगळं नीट सांगते. तो म्हणाला, "शनिवारी जेवनाच्या आधी सांग. पंगतीत सगळे विचारतीन."